लँडस्केपिंगचा लहान व्यवसाय : कामे आहेत, पण महिनाअखेरीस हाती काही उरत नाही. दर कसे ठरवावेत?

मुळशीकर :

सर्वांना नमस्कार. पुण्याच्या पश्चिमेला बावधन, भूगाव आणि पिरंगुट या पट्ट्यात मी गेली पाच वर्षे बागा तयार करण्याचा आणि त्यांची देखभाल करण्याचा व्यवसाय करतो. माझ्याकडे दोन कायमचे कामगार, एक जुना छोटा हत्ती (लहान मालवाहू गाडी), दोन ब्रश कटर, एक लॉन मोअर आणि हेज कटर एवढे साहित्य आहे. सध्या अकरा बंगल्यांच्या बागा आठवड्यातून एकदा सांभाळतो. प्रत्येकाकडून महिना 2,000 रुपये घेतो. दोन सोसायट्यांची देखभाल प्रत्येकी 12,000 रुपयांना आहे. म्हणजे देखभालीचे महिना 46,000 रुपये येतात. कामगारांचा पगार प्रत्येकी 17,000 आणि इंधन साधारण 6,000 धरले, तर 6,000 रुपये उरायला हवेत. प्रत्यक्षात ते कधीच दिसत नाहीत आणि घर नव्या बागांच्या कामांवर चालते.

नव्या बागांची गेल्या वर्षी नऊ कामे झाली, एकूण साडेआठ लाखांची. दर ठरवताना रोपे, माती, खत आणि लॉन यांचा खर्च काढतो, मजुरी मिळवतो आणि त्यावर 25 टक्के चढवतो. ही पद्धत बरोबर आहे, असे मी समजत होतो. मात्र गेल्या डिसेंबरमध्ये भूगावच्या एका नव्या बंगल्याचे 1,200 चौरस फूट लॉनचे काम घेतले आणि कुदळ मारताच अर्ध्या फुटाखाली विटांचे तुकडे, फरशीचे कपटे आणि सिमेंटच्या दगड झालेल्या गोण्या निघाल्या. वरून लाल माती पसरलेली असल्याने पाहणीच्या वेळी काहीच कळले नव्हते. अर्धा फूट थर काढायचा म्हणजे 600 घनफूट, म्हणजे सहा ब्रास राडारोडा बाहेर टाकायचा आणि तेवढीच चांगली माती आत आणायची. त्यात माझे 28,000 रुपये गेले. मालकांशी बोललो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “आपलं जेवढ्यात ठरलंय, तेवढ्यात करून द्या.” त्यांचेही चूक म्हणता येत नाही, कारण माझ्या कोटेशनमध्ये जमिनीखालच्या गोष्टींबद्दल एक शब्दही नव्हता.

जाहिरातीचा अनुभवही सांगतो. दिवाळीआधी समाजमाध्यमांवर 9,000 रुपये खर्च केले. बासष्ट फोन आले. त्यातले बहुतेक “चार कुंड्यांची माती बदलून द्याल का” किंवा “झाडं फुकट बघून जाल का” असे होते. तीन ठिकाणी गेलो आणि 14,000 रुपयांचे एक काम मिळाले.

दर वाढवले तर ग्राहक जातील ही भीती आहे, कारण याच भागात 1,500 रुपयांत बंगला सांभाळणारे आहेत. दर आधी वाढवावेत की आधी ग्राहक वाढवावेत? आणि जाहिरात करायची तर कोणती? ज्यांनी हा व्यवसाय केला आहे किंवा आमच्यासारख्यांकडून काम करून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नाशिकचा माळी :

मी या धंद्यात बावीस वर्षे आहे आणि पहिली आठ वर्षे तुमच्यासारखीच काढली, म्हणून तुमचे पत्र वाचताना ओळखीचे वाटले. ग्राहक वाढवण्याचा विचार आत्ता करू नका. तुमच्याच आकड्यांवरून मी थोडी आकडेमोड केली, ती पाहा.

17,000 पगाराचा माणूस तुम्हाला 17,000 ला पडत नाही. दिवाळीचा बोनस, भरपगारी सुट्या, रेनकोट, गमबूट, हातमोजे, कधी दवाखाना, कधी उचल, हे सगळे वर्षभरात मोजून बारा महिन्यांत विभागले की तो किमान 19,000 ला पडतो. इंधनाच्या 6,000 मध्ये गाडीची दुरुस्ती, विमा, ब्रश कटरची दोरी, मोअरच्या पात्यांना धार आणि पुढे कधीतरी नवी यंत्रे घ्यावी लागणार त्याची तरतूद मिळवा, 10,000 होतात. म्हणजे देखभालीचा महिन्याचा खर्च 48,000 आहे आणि उत्पन्न 46,000. ते 6,000 रुपये कुठे जातात याचे उत्तर इथेच आहे. नव्या बागांच्या नफ्यातून तुम्ही दरमहा 2,000 रुपये देखभालीत घालता आणि त्यात तुमची स्वतःची मेहनत तर धरलेलीच नाही.

आता तासाचा हिशेब. कामगार आठ तास तुमच्याकडे असतो, पण सकाळी गोळा होणे, गाडीत सामान भरणे, बावधनहून पिरंगुट, पिरंगुटहून पुन्हा भूगाव, चांदणी चौकाकडची गर्दी, हे वजा केले तर खुरपे प्रत्यक्ष मातीत साडेपाच तासच असते. सव्वीस दिवसांचे 143 तास झाले. 19,000 भागिले 143 म्हणजे तासाला 133 रुपये. गाडी आणि अवजारांचे 10,000 दोघांच्या 286 तासांवर पसरले की आणखी 35. एका माणसाचा एक तास तुम्हाला 168 रुपयांना पडतो. दोघे मिळून एका बंगल्यात दीड तास काम करतात असे धरू. आठवड्याचे तीन तास, महिन्याचे तेरा. तेरा गुणिले 168 म्हणजे 2,184 रुपये. घेता 2,000. जो 1,500 मध्ये करतो, तो एक तर एकच माणूस पाठवतो, नाही तर तुमच्यासारखाच न मोजता चालला आहे. त्याच्या दराकडे पाहून आपला दर ठरवणे म्हणजे शेजाऱ्याच्या घड्याळावर आपली गाडी पकडायला निघण्यासारखे आहे.

25 टक्क्यांबद्दलही एक गैरसमज दूर करतो. 80,000 खर्चावर 25 टक्के चढवले की 1,00,000 होतात, पण त्या लाखातले तुमचे 20,000 म्हणजे 20 टक्केच. तेवढ्यात तुमची धावपळ, फोन, मेलेली रोपे आणि अडकलेली शिल्लक सगळे भागवायचे आहे. मी देखभालीत 30 टक्के उरतील असा दर लावतो. त्यासाठी खर्चाला 0.70 ने भागायचे. 168 भागिले 0.70 म्हणजे तासाला 240, आणि तेरा तासांच्या बंगल्याला 3,120 रुपये.

हा आकडा वाचून धस्स होईल, म्हणून दर वाढवण्याआधी करण्यासारखी गोष्ट सांगतो, जिला एक रुपयाही लागत नाही. वार बांधून घ्या. सोमवारी आणि मंगळवारी फक्त बावधन, बुधवारी भूगाव, असे. ग्राहकाला त्याच्या सोयीचा वार देण्यापेक्षा तुमचा वार त्याला नीट समजावून सांगा. बहुतेक जण मान्य करतात. प्रवास कमी होऊन साडेपाचाचे साडेसहा तास झाले, तर इंधनाची बचत न धरताही तोच तास 168 ऐवजी 142 रुपयांना पडतो आणि त्याच बंगल्याचा खर्च 1,846 वर येतो. मी हे केले, त्या वर्षी पहिल्यांदा दिवाळीला बोनस देण्यासाठी उसने घ्यावे लागले नाहीत.

मग दर. सगळ्यांचे एकदम वाढवू नका. आधी दोन महिने वहीत प्रत्येक बागेत किती वाजता शिरलो आणि किती वाजता निघालो, एवढेच लिहा. दोन-तीन बागा निम्मा वेळ खातात असे दिसेल. बहुधा मोठे लॉन असलेल्या, कारण पावसाळ्यात जून ते सप्टेंबर गवत आठवड्यात हातभर येते आणि पैसे मात्र उन्हाळ्याइतकेच मिळतात. त्यांना एक महिना आधी कळवा आणि दोन पर्याय द्या : दर आठवड्याची भेट नव्या दराने, किंवा पंधरा दिवसांतून एकदा 1,600 रुपयांत. दुसरा पर्याय निवडणारेही असतात आणि त्यातही तुमचे नुकसान नाही. एक-दोन ग्राहक जातील. जाऊ द्या. त्यांच्याकडचे रिकामे तास शेजारच्या गल्लीतल्या नव्या बंगल्याला योग्य दराने देता येतात.

उरुळीचे रोपवाले :

आमची उरुळी कांचन परिसरात रोपवाटिका आहे आणि लँडस्केपिंग करणारे पुष्कळ लोक आमच्याकडून माल नेतात. नाशिकच्या दादांनी मजुरीचे सांगितले. मी रोपांबद्दल लिहितो.

रोपांच्या किमतीत नफा लपवू नका. पूर्वी ते चालत असे, आता ग्राहक रविवारी सहकुटुंब सोलापूर रस्त्याच्या रोपवाटिकांत चक्कर मारतो आणि फॉक्सटेल पामचा भाव स्वतः विचारतो. तुमच्या कागदावर दुप्पट आकडा दिसला की त्याचा तुमच्यावरचा विश्वासच उडतो आणि मग तो मजुरीतही घासाघीस करतो. रोपाचा दर जवळपास खरा लावा; निवड, वाहतूक, लागवड आणि मरतुकीची हमी यांचे पैसे मात्र वेगळ्या ओळीत, न लाजता घ्या.

मरतुकीचा विचार कोटेशनमध्ये फार कमी लोक करतात. आमच्याकडे येणारी बरीच शोभेची रोपे आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेले रोप ट्रकमधून उतरवून एप्रिलच्या पुण्यात थेट उन्हात लावले, तर पाने करपणारच. दोन आठवडे हिरव्या जाळीखाली ठेवून, पाणी हळूहळू कमी करत नेलेले रोप घ्या. चार पैसे जास्त पडतील, पण पुन्हा लावायची वेळ येणार नाही. तरीही शंभरातली सात-आठ रोपे दगावतील असे धरून चाला आणि तो खर्च सुरुवातीलाच मोजा. हमी देताना भेद करा : देखभाल तुमच्याकडे असेल तर वर्षभराची हमी, नसेल तर फक्त एक महिन्याची, कारण पाणी कोण घालते यावर सगळे अवलंबून आहे. ही एक ओळ देखभालीची कामे मिळवून देते, असा आमच्या जुन्या गिऱ्हाइकांचा अनुभव आहे.

आणखी एक सुचवावेसे वाटते. मुळशीच्या बाजूला पाऊस धो धो पडतो आणि मार्चनंतर टँकर सुरू होतात. अशा ठिकाणी पूर्ण अंगण लॉन करण्यापेक्षा थोडेच लॉन ठेवून बाकी जागेत ताम्हण, बहावा, बकुळ, चाफा, खाली कण्हेर, जास्वंद, अडुळसा अशी बाग ग्राहकाला दाखवा. पहिली दोन वर्षे पाणी द्यावे लागते, पुढे फारसे लागत नाही. टँकरचे महिन्याचे बिल त्यांच्यासमोर मांडलेत तर ते स्वतःच लॉन कमी करायला सांगतील. ताम्हण हे आपले राज्यपुष्प आहे, हे सांगितल्यावर लोकांना ते आपल्या दारात हवेसे वाटते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सोसायटी सचिव :

मी व्यवसाय करत नाही. 140 सदनिकांच्या आमच्या सोसायटीची तीन वर्षे सचिव आहे आणि बागेचे कंत्राट देण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. ग्राहकाच्या बाजूने लिहिते.

मागच्या वेळी आमच्याकडे तीन दरपत्रके आली. सर्वांत कमी 9,000 रुपयांचे होते आणि त्यावर “बागेची देखभाल, मासिक” एवढीच ओळ होती. आम्ही 14,000 रुपयांचे दरपत्रक स्वीकारले, कारण त्यात एका पानावर स्पष्ट लिहिले होते की कोणत्या वारी किती माणसे येतील, लॉन पावसाळ्यात किती वेळा आणि उन्हाळ्यात किती वेळा कापले जाईल, खत कोणते आणि वर्षातून किती वेळा घातले जाईल, औषध फवारणीची सूचना सभासदांना किती दिवस आधी मिळेल, आणि काय समाविष्ट नाही. शेवटचा मुद्दा वाचून समितीतल्या सगळ्यांत काटेकोर सभासदांनीही मान डोलावली. पैसे वाचवण्याची इच्छा आम्हालाही असते, पण सर्वसाधारण सभेत “झाडं का वाळली?” या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ आमच्यावर येते, आणि तेव्हा हातात ते पान असावे लागते.

त्याआधीच्या कंत्राटदाराच्या काळात आमचे प्रवेशद्वारापासूनचे ड्युरांटाचे कुंपण एप्रिलमध्ये वाळून गेले. मी स्वतः वाकून पाहिले, तेव्हा ठिबकच्या नळीवरच्या एकेका तोटीवर पांढरी पुटे चढली होती. कूपनलिकेच्या जड पाण्यातले क्षार साचून थेंब पडणेच थांबले होते. पंप रोज चालत होता, मीटर फिरत होते आणि मुळांशी माती भुसभुशीत कोरडी होती. महिन्यातून एकदा कोणी तोट्या तपासल्या असत्या, तर ते कुंपण वाचले असते. आताचे कंत्राटदार दर महिन्याच्या एक तारखेला त्याच चार जागांवरून चार छायाचित्रे काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि सोबत दोन ओळी लिहितात : काय केले, काय लक्ष ठेवण्यासारखे आहे. या छायाचित्रांमुळे शेजारच्या दोन सोसायट्यांनी त्यांना बोलावले, कारण मी ती सहज पुढे पाठवली. मुळशीकर, 9,000 रुपयांच्या जाहिरातीपेक्षा हे करून पाहा.

वेळेबद्दलही सांगते. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि पुढच्या खर्चाला तिथेच मान्यता मिळते. दरवाढीचे पत्र जून-जुलैमध्ये दिले तर समितीला ते अंदाजपत्रकात धरता येते. डिसेंबरमध्ये दिलेले पत्र, कितीही रास्त असले, तरी आम्हाला पुढच्या वर्षावर ढकलावे लागते. आणि पत्रात “महागाई वाढली” असे मोघम लिहू नका. मजुरी किती होती, किती झाली, तुमच्या किती तासांचे काम आहे, हे वरच्या उत्तरासारखे मांडा. आमच्यात निवृत्त बँक अधिकारी आहेत, त्यांना हिशेब समजतो आणि आवडतो.

जमाखर्च :

मी लहान व्यावसायिकांचे हिशेब पाहतो. मोजकेच लिहितो.

आपली देखभालीची वर्षाची 5,52,000 आणि नव्या कामांची 8,50,000 मिळून उलाढाल 14,02,000 होते. सेवा देणाऱ्यांना 20 लाखांवर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. सुटी जिवंत रोपे विकली तर त्यावर कर नाही, तरी त्यांची विक्री उलाढालीत मोजली जाते. आणि रोपे बाग तयार करण्याच्या कामाचाच भाग म्हणून दिली, तर सर्व काम सेवा म्हणून करपात्र धरले जाण्याची शक्यता असते. लँडस्केपिंगवर 18 टक्के दर आहे आणि बंगल्याच्या मालकाला त्याची वजावट मिळत नाही, म्हणजे त्याच्या दृष्टीने ती सरळ दरवाढ ठरते. मर्यादा जवळ येण्याच्या वर्षभर आधी सल्लागारासोबत बसा.

प्रत्येक सोसायटीचे वर्षाचे बिल 1,44,000 होत असल्याने त्या 1 टक्का उद्गम कर (टीडीएस) कापत असतील. दोन्हींचे मिळून वर्षाला 2,880 रुपये होतात. विवरणपत्र भरून ते मिळवता का, ते पाहा. कित्येक जण सोडून देतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे, ती आजच करा. फार्महाऊस प्रकल्पांचे किंवा कंपन्यांचे काम घ्याल, तेव्हा 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार त्यांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. बंगल्याच्या कामांत मात्र कायद्यापेक्षा आगाऊ रक्कम उपयोगी पडते : माल आणण्यापूर्वी निम्मे, लागवड निम्मी झाल्यावर चाळीस टक्के, आणि शेवटचे दहा टक्के काम दाखवून. शेवटचा हप्ता जितका लहान, तितका त्रास कमी.

कोल्हापूरची आरेखक :

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. राडारोड्याचा अनुभव जवळजवळ प्रत्येक नव्या बांधकामावर येतो, कारण बांधकाम संपल्यावर उरलेले सगळे अंगणात पसरून त्यावर माती ओढण्याची पद्धतच पडली आहे. पाहणीला जाताना पहार घेऊन जा आणि मालकांच्या देखत तीन ठिकाणी दीड-दीड फुटाचे खड्डे घ्या : एक भिंतीलगत, एक मधोमध आणि एक फाटकाजवळ. प्रत्येकात बादलीभर पाणी ओता आणि किती वेळात जिरते ते पाहा. पाणी तासभर तसेच राहिले, तर खाली घट्ट मुरूम किंवा काँक्रीटचा थर असू शकतो. छायाचित्रे कोटेशनला जोडा आणि लिहा : “खड्ड्यांत दिसले त्याव्यतिरिक्त राडारोडा निघाल्यास तो काढणे आणि नवी माती भरणे यांचा दर प्रतिब्रास इतका राहील.” यामुळे नंतरचा वाद टळतोच, शिवाय मालकांना कळते की हा माणूस जमीन जाणतो. माझ्या मते याहून चांगली विक्री नाही.

पाहणी फुकट करू नका. ठरावीक शुल्क घ्या आणि काम मिळाल्यास ते बिलातून वजा करा. चार कुंड्यांवाले फोन तिथेच थांबतील. याबाबतीत आमच्या व्यवसायातही मतभेद आहेत, नव्या माणसाने शुल्क मागू नये असे काही म्हणतात. पण पाच वर्षे झालेला माणूस नवा नाही.

जाहिरातीबद्दल सचिवताईंशी सहमत आहे, फक्त एक जोड. गुगल मॅपवर आपल्या व्यवसायाची विनामूल्य नोंद करा आणि तिथे बाग तयार झाल्याच्या दिवसाचे छायाचित्र टाकू नका. सहा महिन्यांनंतरचे टाका. पहिल्या दिवशी सगळ्याच बागा सुंदर दिसतात. त्याच कोनातून काढलेले दुसऱ्या पावसाळ्यानंतरचे छायाचित्र जेव्हा शेजारी ठेवले जाते, तेव्हा पाहणाऱ्याला कळते की इथे कोणी तरी येते आणि लक्ष देते.

मुळशीकर :

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे घेतले, कारण आधी वही लिहायची होती.

नाशिकच्या दादांनी दीड तास धरला होता. माझ्या अकरापैकी सात बंगले खरोखर सव्वा ते दीड तासात होतात. पिरंगुटचे दोन मात्र प्रत्येकी अडीच तास घेतात, म्हणजे दोन्ही कामगारांचे मिळून एका बंगल्याला आठवड्याला पाच तास. महिन्याचे साधारण बावीस तास होतात आणि त्याचा नुसता खर्च 3,700 च्या आसपास जातो. गेली तीन वर्षे मी तिथे 2,000 घेत होतो. त्या दोन्ही घरी जाऊन वही दाखवली. एका काकूंनी पाने उलटून पाहिली आणि पंधरा दिवसांची भेट घेऊ, मधल्या आठवड्यात पाण्याचे आम्ही पाहू, असे सांगितले. दुसऱ्यांनी विचार करून कळवतो म्हटले, अजून निरोप नाही.

वार बांधले आहेत. बावधनच्या एका ग्राहकांना शनिवारच हवा होता, त्यांना मंगळवार पटवायला दोन फोन लागले. सोसायट्यांची पत्रे तासांच्या हिशेबासह लिहून तयार आहेत, ती जूनच्या पहिल्या आठवड्यात देईन, आणि एका सोसायटीच्या ठिबकच्या तोट्या काल स्वतः तपासल्या. चाळीसपैकी अकरा बंद निघाल्या. सचिवताई, तुमचे पत्र वाचले नसते तर मी पंपाचा आवाज ऐकून निघून आलो असतो.

येत्या सोमवारी पिरंगुटला एका नव्या बंगल्याची पाहणी आहे. शुल्क सांगितले, ते त्यांनी मान्य केले. पहार आणि बादली गाडीत टाकली आहे. एकच विचारायचे राहिले : खड्ड्यात मुरूम लागला आणि पाणी जिरत नसेल, तर लॉनखाली निचऱ्यासाठी खडीचा थर किती जाडीचा धरावा आणि त्याचा दर ब्रासवर लावावा की चौरस फुटावर?

कोल्हापूरची आरेखक :

चौरस फुटावर लावू नका, कारण जाडी जागोजागी बदलते. ब्रासवरच लावा. साधारण चार इंच खडी, तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) आणि मग निदान सहा ते आठ इंच चांगली माती धरा. पण त्याआधी अंगणाचा उतार पाहा. पाणी फाटकाकडे वळवता आले, तर खडीचा खर्च बराच कमी होईल. सोमवारी खड्ड्यांची छायाचित्रे इथे टाका, पाहून सांगते.